जुनो पिंजऱ्यात जात नाही

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जुनोने पिंजऱ्यात जायचं बंद केलं. आधी कुरकुर नाही, हट्ट नाही. एके संध्याकाळी दारापाशी आली, पुढचे दोन पाय आत टाकले आणि कोणीतरी फटका मारावा तशी मागे उडाली. मग टांगलेल्या कोटांच्या खाली, बुटांच्या रांगेत घुसून भिंतीला पाठ लावून बसली. लोर्ना ट्वेटने हाक मारली तेव्हा तिने शेपटीचं टोक हलवलं, पण जागची हलली नाही.

लोर्नाने अशी बरीच पिल्लं वाढवली होती. अंध माणसांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणारी एक शाळा शेजारच्या राज्यात होती. शाळा पिल्लू घरी आणून द्यायची आणि वर्ष-सव्वा वर्षाने परत न्यायची. तेवढ्या काळात त्याला माणसांत वागायला शिकवायचं, गाडीत बसायला शिकवायचं, आणि पिंजऱ्यात एकटं, शांत झोपायला शिकवायचं. लोर्ना पिंजऱ्याला कधीच पिंजरा म्हणत नसे, खोली म्हणे. "जुनो, खोलीत," म्हटलं की ते काळं पिल्लू ऑक्टोबरपासून नखं वाजवत धावत जाई आणि स्वतःच्या अंगाभोवती दोनदा फिरून पडी टाकी. घराच्या मागच्या खोलीत, जिथे बूट आणि कोट काढून ठेवायचे, तिथे तो तारांचा मोठा पिंजरा आजवरच्या सगळ्या पिल्लांनी वापरला होता. घाबरलेलं असं एकही नव्हतं.

लोर्नाने जे करायचं ते सगळं केलं. चीजचे तुकडे दारात टाकले, मग जरा आत, मग आणखी आत. जुनोने दारातले खाल्ले, आतल्यांकडे बघून लाळ गाळली. दाराशी भीतीने मुतताना तिने आतल्या कांबळ्याची कडही ओली केली होती म्हणून लोर्नाने ते काढून धुवायला टाकलं, तळाचा पत्रा पुसून ठेवला. दुसऱ्या दिवशी पिंजराच ओढत स्वयंपाकघरात आणला. जुनो तिथेही जाईना. पिंजऱ्याकडे बघूनच तिचे मागचे पाय लटलट कापायला लागले. म्हणजे दोष जागेचा नव्हता. लोर्नाने पिंजरा परत मागच्या खोलीत नेला, आणि नेता नेता तिच्या मनात जे आलं ते तिला मुळीच आवडलं नाही. जागेचा दोष नसेल तर माणसाचा आहे.

घरात माणसं तीन. ती, तिचा नवरा आर्लन, आणि नाताळाच्या आधी येऊन राहिलेला आर्लनचा धाकटा भाऊ वेंडेल.

वेंडेल दारू सोडवण्याच्या केंद्रातून सरळ इथे आला होता. लग्न झाल्यापासून आर्लनने लोर्नाकडे फारसं काही मागितलं नव्हतं. त्याने एकदाच विचारलं, तीही एकदाच हो म्हणाली. वेंडेल वरच्या खोलीत राहायचा, बशी स्वतः धुवायचा, आवाज चढवायचा नाही. गाई विकल्या तेव्हापासून गोठा रिकामा होता, तेव्हा त्याला करायला काम नव्हतं. मग त्याने स्वतःच एक काम काढलं. बाहेरच्या रस्त्यावर बर्फासाठी टाकलेलं मीठ बुटांबरोबर मागच्या खोलीत यायचं आणि सिमेंटच्या फरशीवर पांढरे डाग पडायचे. नवं वर्ष लागल्यापासून रोज दुपारी चार वाजता, पूर्वी गाईंच्या दुधाची वेळ व्हायची तेव्हा, वेंडेल आर्लनचे गमबूट चढवायचा, गरम पाण्याची नळी लावायचा आणि दूध काढायची जागा धुवावी तशी ती फरशी कोपऱ्यातल्या मोरीपर्यंत धुऊन काढायचा.

"मालकीणबाई, तपासणीला या," तो हाक मारायचा. "दूध सांडलं तर चाटून घ्याल अशी फरशी केलीय."

लोर्ना हसायची. पण त्याच्या हाताकडे बघितल्याशिवाय तिला राहवत नसे. बऱ्याच वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने त्या हातांत फावडं पाहिलं होतं. गोठ्यासमोर टिप नावाचा त्यांचा कुत्रा पायात आला म्हणून वेंडेलने त्याला फावड्याने हाणलं होतं, एकदा नव्हे. टिप मरेपर्यंत लंगडला. "ती दारू होती," आर्लन म्हणाला होता. लोर्नाला फावडं दिसलं होतं, दारू दिसली नव्हती.

मंगळवारी रात्री जेवताना तिने विषय काढला. वेंडेल लवकर जेवून वर गेला होता.

"तू बघितलंस का?" आर्लनने विचारलं.

"नाही."

"मग?"

"पिल्लाने बघितलंय ना. नळीचा आवाज आला की टेबलाखाली जाते ती. त्याचे बूट वाजले की मुतते."

आर्लनने पावाला लोणी लावलं, कडेपर्यंत नीट लावलं. "वेंडेल हल्ली माशीसुद्धा मारत नाही."

"हल्ली," लोर्ना म्हणाली.

आर्लनने पाव खाल्ला. तो दुधाचा टँकर चालवायचा. पहाटे अंधारात निघायचा तो संध्याकाळी परत यायचा. मधला दिवस कसा जातो ते त्याला माहीत नव्हतं. सगळ्या बाजूंनी बर्फ, सगळ्यात जवळचं घर टेकडीच्या पलीकडे, आणि डोक्यावरच्या फळ्यांवर वेंडेलची पावलं. इकडून तिकडे, मग बराच वेळ काही नाही, मग जिन्याच्या तोंडाशी. लोर्ना आता न्हाणीघरात गेली की आतून कडी लावायची. या घरात तिने ती कडी आजवर कधी लावली नव्हती.

जेवण झाल्यावर तिने शाळेची या भागातली देखरेख करणाऱ्या बेव्हला फोन लावला. बेव्हने सगळं ऐकून घेतलं.

"घरात नवीन काय आहे, लोर्ना?"

"काही नाही. तेच सगळं."

"नवीन यंत्र, नवीन आवाज? नवीन माणूस?"

लोर्नाने वर छताकडे बघितलं. "नवऱ्याचा भाऊ आहे."

बेव्हने आवाज खाली आणला. "हे बघ, मी कोणाचं नाव घेत नाही. पण चांगलं झोपणारं पिल्लू एका दिवसात असं होत नाही. त्या पिंजऱ्यात तिला काहीतरी दुखलंय. कोणी किंवा कशाने, ते तू शोध. शुक्रवारपर्यंत कळलं नाही तर मी येऊन तिला दुसऱ्या घरी नेते. मला नाइलाज आहे."

"कळतंय मला."

"आणि तोवर तिला एकटी सोडू नकोस."

बुधवारी लोर्नाने जुनोचा पट्टा कमरेला बांधूनच सगळी कामं केली. चारच्या सुमारास नळी सुरू झाल्याचा आवाज आला. लोर्ना तेव्हा तळघरात धुतलेले कपडे वाळवायच्या यंत्रात टाकायला निघाली होती. तळघराचा जिना उभा आणि अरुंद, कपड्यांची टोपली घेऊन पिल्लासह उतरणं धोक्याचं. तिने जुनोला स्वयंपाकघरात टेबलाच्या पायाला बांधलं. दोन मिनिटांचं काम.

यंत्राचं झाकण लावते न लावते तोच वरून किंकाळी आली. कुत्र्याची किंकाळी लांबलचक नसते, तुटलेली असते, आणि ती तशीच तुटली. लोर्ना जिना चढून कशी आली ते तिला नंतर आठवेना.

मागच्या खोलीत वेंडेल ओल्या फरशीवर उकिडवा बसला होता. एक हात जुनोच्या गळपट्ट्यात, दुसरा तिच्या ढुंगणावर. तिचे पुढचे पाय पिंजऱ्याच्या पत्र्यावर होते. लोर्ना दारात आली तेवढ्यात जुनोने अंग पिळवटून सुटका करून घेतली आणि तिच्या पायांमागे येऊन लपली.

"काय केलंस तिला?"

"काही नाही. टेबलाचा पट्टा सोडून इथे आणलं, आत चीज टाकलं होतं. ती जाईना म्हणून मागून जरासं—"

"मागून जरासं काय?"

"ढकललं. हळू." वेंडेल उठला. "लोर्ना, मी हात उगारलेला नाही तिच्यावर."

"टिपवर पण नव्हता उगारलास?"

नळीतून पाणी फरशीवर पडत होतं. वेंडेलने वाकून नळ बंद केला, नळी गुंडाळून खुंटीला लावली.

"त्याच्यावर फावडं उगारलं होतं," तो म्हणाला.

तो ओरडला असता, खोटं बोलला असता तर लोर्नाला सोपं गेलं असतं. हे असं सरळ, हवामान सांगावं तसं सांगणं ऐकून तिने जुनोचा पट्टा मुठीला गुंडाळला.

"शुक्रवारच्या आत तू दुसरीकडे सोय बघ," ती म्हणाली. आवाज आपला नाही असं तिला वाटलं.

"बरं."

त्याने पायरीपाशी येऊन गमबूट काढले, जोडीने लावून ठेवले आणि मोज्यांनिशी वर गेला. थोड्या वेळाने वरच्या फळ्यांवरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. शुक्रवारची वाट तो बघणार नव्हता. आता निघेल की आणखी काही करेल? आर्लन यायला अजून तास तरी होता. गाडीची किल्ली खिशात आहे ना, ते लोर्नाने दोनदा चाचपून पाहिलं.

जुनो धापा टाकत होती. तिला तहान लागली होती. पाण्याचं स्टीलचं भांडं पिंजऱ्याच्या दाराशी, तारांना आकड्याने अडकवलेलं असे. लोर्ना तिच्यासोबत फरशीवर उतरली. जुनो लांबूनच मान ताणत पुढे सरकली, जिभेचं टोक पाण्याला लावलं आणि झटकन मागे घेतलं. पुन्हा लावलं, पुन्हा मागे. पोटभर प्यायची नाही, नुसती मांजरासारखी चाटायची, मधेच सगळ्या अंगाला झटका द्यायची.

लोर्नाने हे आधी पाहिलं होतं. कुत्र्यात नव्हे.

गोठा भरलेला होता तेव्हा एका हिवाळ्यात त्यांच्या गाई पाणी पिईनाशा झाल्या होत्या. पाण्याच्या भांड्यासमोर उभ्या राहायच्या, अशाच जिभेच्या टोकाने चाटायच्या आणि डोकं झटकायच्या. दूध उतरलं. काढायला गेलं की लाथा. वैरण बदलून झाली, जनावरांचा डॉक्टर येऊन गेला, एकमेकांवर आरोप करून झाले. शेवटी विजेच्या माणसाने पाण्याचं भांडं आणि ओली जमीन यांच्यामध्ये मीटर धरलं, आणि काटा हलला. थोडीशी वीज गळत होती. माणसं रबरी बूट घालून वावरत होती, त्यांना काही कळत नव्हतं. गाई ओल्यात अनवाणी उभ्या होत्या.

लोर्नाने खाली बघितलं. तिच्या पायांत रबरी तळाच्या सपाता होत्या. वेंडेलच्या पायांत गमबूट. जुनोचे चारही पंजे खाऱ्या पाण्यात.

तिने पट्टा आखडून जुनोला मागे घेतलं, उजवा पाय सपातेतून काढला आणि फरशीवर ठेवला. लोकरीच्या मोज्याने पाणी शोषलं, तळवा गार पडला. तळहाताने धरलं तर बोटं चिकटून बसतात, हे तिला आर्लनने गोठ्यात शिकवलं होतं. तिने हात उलटा केला आणि बोटांच्या मागच्या बाजूने पिंजऱ्याच्या तारेला स्पर्श केला.

कोपरापर्यंत दात रुतले. तिचा हात आपोआप मागे आला आणि भिंतीवर आपटला. गाईंच्या भांड्यातली वीज ही अशी नव्हती. ती चिमटा होती. यात जोर होता.

आता तिला सगळंच दिसलं. पिंजऱ्याची मागची बाजू आडव्या मोठ्या फ्रीझरला टेकलेली होती. आधी दोघांत हातभर अंतर असे. फरशी धुताना मधे येतो म्हणून वेंडेल पिंजरा रोज मागे ढकलून ठेवत होता. नोव्हेंबरातल्या शिकारीचं हरणाचं मटण भरलेला तो जुना फ्रीझर रात्रंदिवस घरघरत असे. ती घरघर ऐकत ती एक पाऊल मागे सरली. पिंजरा नव्हे, मुळात फ्रीझर. त्याच्या झाकणाला रोज कितीदा हात लागतो.

सपात चढवून, जुनोला काखेत मारून ती स्वयंपाकघराच्या पायरीवर आली. तेवढ्यात जिना वाजला.

वेंडेल पिशवी घेऊन खाली आला. पायांत मोजेच. त्याचे स्वतःचे कातडी बूट आणि कोट मागच्या खोलीत, पलीकडच्या भिंतीला, फ्रीझरला लागून होते. पायरीवर ठेवलेल्या गमबुटांना त्याने वळसा घातला, ते आर्लनचे होते. त्याची बूट घालायची पद्धत लोर्नाने महिनाभर पाहिली होती. एक हात फ्रीझरवर टेकायचा, एक पाय उचलायचा.

"थांब," ती म्हणाली.

"बूट घेतो नि जातो."

"तिकडे जाऊ नकोस. पाय ठेवू नकोस तिथे."

वेंडेलचा चेहरा बदलला. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. "आता तुझ्या फरशीवर पाय ठेवायलाही बंदी? रोज धुतोय मी ती. तुला काय वाटतं, तुझ्या कुत्रीला खाणार आहे मी?"

तो खाली उतरला. ओल्या फरशीवर त्याच्या मोज्यांचा पचपच आवाज आला. लोर्ना पायरीवर, पिल्लू काखेत. वीज म्हणायचं होतं, फ्रीझर म्हणायचं होतं, पण जीभ उचलेना. दोन पावलं. तीन. त्याने हात लांब केला.

"गाई," ती म्हणाली. "वेंडेल, गाई. त्या वर्षी पाणी चाटत होत्या, तसं करतेय ही."

हात हवेतच राहिला. त्या हिवाळ्यात गाईंचं दूध वेंडेलनेच काढलं होतं. त्याने पिंजऱ्याकडे पाहिलं, पिंजरा टेकला होता त्या फ्रीझरकडे, मग आपल्या ओल्या मोज्यांकडे. हात त्याने अगदी हळू छातीशी आणला, जणू घाईने हलला तरी काही चावेल. आला तसा एकेक पाऊल मागे टाकत तो पायरीवर पोचला आणि खाली बसला. त्याचं नाक, कपाळ घामाने भरलं होतं.

"तुला लागला?" त्याने विचारलं.

"लागला."

"बघू हात."

लोर्नाने हात दिला नाही. तिने तो जुनोच्या पोटाखाली लपवला.

वेंडेलने मान हलवली. उठून, तळघरात कोरड्या पायांनी जायचं म्हणून ओले मोजे काढून, आर्लनचे गमबूट अनवाणी पायांत घालून तो खाली गेला. विजेचा मुख्य खटका पडला तसं सगळं घर गप्प झालं. फ्रीझरची घरघर दोनदा कुंथून थांबली. काखेतल्या जुनोचं थरथरणं मात्र थांबलं नाही. खिडकीतून येणाऱ्या राखाडी उजेडात दोघं स्वयंपाकघराच्या टेबलाच्या दोन टोकांना बसून आर्लनची वाट बघत राहिले. एकदा वेंडेल म्हणाला, "कॉफी सकाळची आहे, गार. देऊ?" लोर्ना नको म्हणाली.

आर्लनने विजेरीच्या उजेडात फ्रीझरची पिन ओढून काढली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली. पिनेला तिसरा काटा नव्हता. भिंतीतलं जुनं सॉकेट दोन भोकांचं, म्हणून फ्रीझर आणला तेव्हा त्यानेच तो पकडीने कापून टाकला होता. विजेला जमिनीत जायला वाटच ठेवली नव्हती.

"गोठ्यात तांब्याच्या तारा गाडल्या मी," तो म्हणाला. "सगळ्या गोठ्याभर. गाईंसाठी." वेंडेलकडे त्याने पाहिलं, लोर्नाकडे पाहिलं नाही.

गुरुवारी फ्रीझर बाहेर बर्फात गेला. पिंजरा मधल्या खोलीत, लाकडी जमिनीवर ठेवला, खाली गालिचा, आत नवं कांबळं. जुनो दाराशी आली, वास घेतला आणि मागे सरली. तिला कोणी सांगितलं नव्हतं की आता वीज नाही. बेव्ह फोनवर म्हणाली, तारांचा पिंजरा तिला आता नकोच, माझ्याकडे प्लॅस्टिकचा आहे, शुक्रवारी चर्चच्या तळघरात आम्ही पिल्लं वाढवणारे सगळे जमतोय तिथून घेऊन जा. पिल्लू आणू नकोस, इतक्या कुत्र्यांत ते आणखी बिथरेल. जुनो तुझ्याकडेच राहू दे. सुधारेल की नाही, ते वसंतात बघू.

शुक्रवारी सकाळी वेंडेलची पिशवी पायरीपाशी होती. तो टेबलाशी कॉफी पीत बसला होता.

"तू शुक्रवार म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"म्हणाले होते."

लोर्ना कोट घालायला लागली. वेंडेलने मारलं नव्हतं, हे आता तिला ठाऊक होतं. फावडंही खरं होतं, तेही ठाऊक होतं. एकाने दुसरं पुसलं जात नव्हतं. रात्रभर तिने ते पुसून पाहिलं होतं. जुनो टेबलाखाली, दोघांपासून सारख्याच अंतरावर पडून होती.

"मला गावात जायचंय," ती म्हणाली. "दुपार होईल. तिच्यापाशी कोणीतरी बसायला हवं. पिंजऱ्यात घालायचं नाही, ढकलायचं नाही. चीज दारापाशी टाकायचं, ती खाते का बघायचं. नाही खाल्लं तर नाही."

"कोण बसणार?"

"तू."

वेंडेलने कप खाली ठेवला. कपात कॉफी अजून होती. "मी. एकटा, तिच्याजवळ."

"हो."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते," लोर्ना म्हणाली.

वेंडेल उठला, मधल्या खोलीत गेला, आणि पिंजऱ्यापासून लांब, समोरच्या भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसला. पाय पसरले, हात मांडीवर ठेवले, दोन्ही पंजे उघडे.

"मधलं दार उघडं ठेवून जा," तो म्हणाला. "तिला आत यायचं असलं, बाहेर पडायचं असलं, तर तसं करू दे."

लोर्नाने दार उघडं ठेवलं आणि गाडी काढायला गेली.